तिसऱ्या मजल्याची रांग

सोम. ३ फेब्रु.
शिरोडकरची फाइल आज उघडली. हे काम आधी त्याच्याकडे होतं. त्याला दुबईला जाऊन चार महिने झाले, पण हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या सगळ्या स्विचचे नियम अजून त्याने ठेवले तसेच आहेत. एकूण सत्तेचाळीस. वाटेल तसे लिहिलेले. पाचव्या मजल्याचा नियम पहिल्याच्या आधी, मध्येच तिसरा, मग परत पहिला. शेऱ्यांमध्ये 'प्रायॉरिटी' हा एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलाय.
साटमदादांना दाखवली. मला या नोकरीत त्यांनीच चिकटवलं, आमच्या कंत्राटदाराकडे सगळ्यात जुने तेच. चष्मा वर करून एकदा बघितलं. "चलता मा? मग हात कित्याक लावतंस?"
चालतं. पण मला बघवत नाही.
रात्री जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुका ताटात पण भात नि भाजीच्या मधी रेष लागता."

बुध. ५ फेब्रु.
स्वतःसाठी एकदा नीट लिहून ठेवतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला तेव्हापासूनची सवय, लिहिलं तरच डोक्यात राहतं.
एका मजल्यावरचं सगळं एकाच वायरीतून खाली जातं. फोनवरचा आवाज, एक्स-रेची चित्रं, बिलं, कॅमेरे. गर्दी झाली की काही थांबवावं लागतं, काही फेकून द्यावं लागतं. थांबायचं कोणी, ते नियम ठरवतात. आवाज पहिल्या रांगेत. एक्स-रे दोन सेकंद उशिरा पोचला तरी तो एक्स-रेच असतो. उशिरा पोचलेला आवाज म्हणजे नुसती खरखर.
आणि: स्विच नियम वरून खाली वाचतो. जो पहिला लागू पडला तो पडला. त्याच्या खालचे बघत नाही.
(हे मला माहीत होतं. मीच लिहिलंय. तारखेसकट. — ही ओळ नंतर घातली, २२ ता.)

शुक्र. ७ फेब्रु.
तळमजल्यावर नलूताईच्या बोर्डाचा एक पोर्ट बदलला. ती सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर आहे इथे. चेहरा न बघता आवाजावरून माणूस ओळखते. नुसता माणूस नाही, त्याचं काय बिनसलंय तेही. सकाळी मी पाचव्या मजल्यावरून फोन केला, फक्त "हॅलो" म्हणालो.
"काय रे स्विचवाल्या, घसा बसलाय. रात्री कुल्फी खाल्लीस ना?"
खाल्ली होती. चिंचपोकळीच्या कोपऱ्यावर.

रवि. ९ फेब्रु.
केलं. रविवारी ओपीडी बंद असते म्हणून दुपारी दोन ते चार वेळ मागून घेतली होती. सत्तेचाळीस नियम मजल्याप्रमाणे लावले, प्रत्येक मजल्यात यंत्रांच्या पत्त्याच्या आकड्याप्रमाणे (प्रत्येक फोनला, मशिनीला नेटवर्कवर एक आकडा असतो) चढत्या क्रमाने. शेरे सगळे एका वळणाचे. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन बोर्डाला फोन लावला. नलूताई रविवारच्या ड्यूटीवर होती.
"येतंय, येतंय. किती वेळा विचारशील? लग्न ठरलंय का तुझं, एवढा उत्साह?"
रजिस्टरात नोंद केली, सही, तारीख, वेळ ३.५०. कागदावर छापून घेतलं तर पान सुरेख दिसत होतं. घरी जाताना भारतमाता टॉकीजपर्यंत चालत गेलो, उगाच.

गुरु. १३ फेब्रु.
तिसऱ्या मजल्यावरून तक्रार. सिस्टर सावंत: "बोलताना फोन तुटतो रे मध्येच." चार वाजता जाऊन बघितलं. स्वच्छ येत होता. रजिस्टरात लिहिलं: तपासले, दोष आढळला नाही.
साटमदादा म्हणाले फोनची दोरी बदल. बदलली.

मंगळ. १८ फेब्रु.
परत तीच तक्रार. आता नलूताईकडूनही. "तिसऱ्यावरून बोलतात ना, ते विहिरीतून बोलल्यासारखं. कधी येतं कधी नाही." मी गेलो तेव्हा तीन वाजले होते. एकदम स्वच्छ. तरी फोनच बदलला.
काम करत होतो तिथून जवळच १४ नंबरची खाट. एक आजोबा. पूर्वी शिवडीला गोदीत होते म्हणाले. माझ्या हातातल्या केबल तपासायच्या डब्याकडे बघत होते.
"हिरवी लाइट लागली म्हणजे चांगलं ना?"
म्हटलं, हो आजोबा.
"मग आमच्या मशिनीत पण हिरवीच आहे," म्हणाले, उशाच्या मॉनिटरकडे बोट करून. हसले. दात नव्हते.
घरी आलो तर आई बेडगी-संकेश्वरी मिरच्या घेऊन मसाला कुटायला डंकावर गेलेली. सबंध गल्लीला ठसका लागलाय या महिन्यात. तक्रारीचं कारण सापडलेलं नाही. कारण सापडलं नाही की मला जेवण जात नाही.

शुक्र. २१ फेब्रु.
१४ नंबरचे आजोबा गेले. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.
मी पाचव्यावर होतो. इथे कोणाचं हृदय बंद पडलं की वॉर्डातून बोर्डाला फोन लावतात, नलूताई स्पीकरवर "कोड ब्लू" आणि मजला पुकारते, डॉक्टर असतील तिथून धावतात. आज पुकारा ऐकू आला नाही. दिसली ती एक आयाबाई, जिन्यावरून खाली धावत, चपला हातात घेऊन. तिला खाली जाऊन तोंडाने सांगावं लागलं.
सिस्टर सावंत कॅन्टीनमध्ये रडत होत्या. "दोन वेळा लावला मी. पलीकडून नलूताई नुसती हॅलो, हॅलो. मी ओरडतेय, ती हॅलो, हॅलो."
तीन मिनिटं गेली असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं पाच. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचलो असतो तरी सांगता आलं नसतं.

शनि. २२ फेब्रु.
बारा वाजता लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्याच्या स्विचपाशी उभा राहिलो. बारा वाजता. पहिल्यांदाच. आधी दोन्ही वेळा मी गेलो ते तीन-चारला, माझ्या सोयीने.
अकरा ते एक या वेळात त्या मजल्यावरचं एक्स-रे खातं सकाळची सगळी चित्रं खाली पाठवतं. वायर गच्च भरते. फेकून दिलेल्याचा आकडा डोळ्यांसमोर वाढत होता.
कारण सापडलं. लिहितो.
एक्स-रे खातं तिसऱ्यावर आलं तेव्हा शिरोडकरने एक नियम केला होता: शून्यापासून पुढचा सबंध तिसरा मजला साध्या रांगेत. आणि त्याच्या वर दुसरा: तिसऱ्या मजल्याचे फोन, पत्ते चाळीस ते बावन्न, पहिल्या रांगेत. आधी फोन बाजूला निघायचे, मग उरलेला मजला. मी चढत्या क्रमाने लावले. शून्य चाळिसाच्या आधी येतं. सबंध मजल्याचा नियम वर गेला. स्विच तिथेच थांबला. फोनच्या नियमापर्यंत तेरा दिवस कोणी पोचलंच नाही.
त्याचा पसारा पसारा नव्हता.
दोन ओळी वर-खाली केल्या. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. लगेच त्या वॉर्डातून बोर्डाला फोन केला. आवाज काचेसारखा.
"कोण, सुहास? का रे, रडतोयस का?"
म्हटलं, सर्दी.
आकड्याचं पान आणि नियमांची दोन्ही पानं, चुकीचं आणि बरोबर, छापून घेतली. रजिस्टरात आजची नोंद केलेली नाही. पहिल्यांदाच.

सोम. २४ फेब्रु.
नलूताईला मेमो. "तातडीचा कॉल घेण्यात हयगय." बोर्डावरून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय, चौकशी होईपर्यंत. बोर्डावर नवीन मुलगी. फोन उचलला की ती विचारते, "कोण बोलताय?"

मंगळ. २५ फेब्रु.
साटमदादांना सांगितलं. जिन्याखाली, यूपीएसच्या खोलीत. कागद दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळायला कागद लागत नाही, मी "शून्य" म्हणालो तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला होता.
"कोणाक सांगितलंस?"
"कोणालाच नाही."
"मग गप रव."
मी म्हटलं, दादा, नलूताईला काढतील.
"तिका काय काढतत? दोन वर्षां रवली तिची. ताकीद देतले नि सोडतले. पण आपलां कॉन्ट्रॅक्ट मार्चात रिन्यू होतला. अकरा पोरां असत आपली. तुका कोणी इचारल्यान काय? नाय ना? मग?"
मी कागद परत पिशवीत भरले.
मग जरा मऊ होऊन म्हणाले, "झिला, तो म्हातारो जातलोच होतो."
त्यांनी तो म्हातारा बघितला नव्हता.

गुरु. २७ फेब्रु.
रेकॉर्ड रूममध्ये एक केबल टाकायची होती. नलूताई फायलींच्या मध्ये बसलेली, पुढ्यात डबा, उघडलेला नाही. मला बघून हसली.
"मला वाटतं कानच गेले रे माझे."
मी केबल सोलत होतो, सोलतच राहिलो.
"खरंच. सावंत म्हणते ती ओरडत होती. ती काही खोटं बोलायची नाही. मग मलाच ऐकू आलं नसणार. आठवडाभर आधीपासून तिसऱ्यावरचं मला तुटक येत होतं. मी आपली फोनला नावं ठेवत होते." डबा बाजूला सारून, "सव्वीस वर्षं कानावर जेवले, आता कान म्हणतायत पुरे."
म्हटलं, ताई, तसं नसेल.
"असेल रे. मीच ईएनटीला नाव लावलंय. चौकशीत विचारण्याआधी आपणच कागद घेऊन जावं."
वायर जास्त सोलली गेली. परत कापून पहिल्यापासून केली.

रवि. २ मार्च
साटमदादांनी सगळे स्विच बंद करून चालू करायला लावले. 'वार्षिक देखभाल'. स्विच परत सुरू झाला की फेकून दिलेल्याचे आकडे शून्यावर येतात. त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे. मीच बटण दाबलं.
मी छापलेलं पान तेवढं राहिलंय, शर्टांच्या खाली.
आई: "तोंड कित्याक पाडलंस? पोटात दुखता?" म्हटलं, हो. ओवा दिला.

मंगळ. ४ मार्च
कानाचा रिपोर्ट आला. डावा कान बारीक आवाजांना थोडा कमी. डॉक्टर म्हणाले म्हणे, या वयात निम्म्या लोकांना असतं. पण कागदावर 'कमी' असं लिहिलेलं आहे आणि तेवढं पुरलं. दुपारपर्यंत सगळ्या हॉस्पिटलात झालं: बिचारीला ऐकूच येत नव्हतं. हयगय नाही, आजार. सगळ्यांना बरं वाटलं. सिस्टर सावंत तिला जवळ घेऊन रडल्या. अ‍ॅडमिन साहेब म्हणाले, आपण सन्मानाने करू, शुक्रवारी चौकशी उरकली की स्वेच्छेने सोडल्याचं पत्र घेऊ. साटमदादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.
मलाही बरं वाटलं. ते इथे लिहून ठेवतो. चहा पिताना साधारण पाच मिनिटं मलाही बरं वाटलं. सगळं जिथल्या तिथे लागलं होतं. ९ तारखेच्या त्या सुरेख पानासारखं.

बुध. ५ मार्च
अर्धा दिवस सुट्टी टाकून गिरगावात गेलो. नलूताईची चाळ, दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. पत्ता विचारला तर खालचा वाणी म्हणाला, "त्या ऐकू न येणाऱ्या?" एका दिवसात एवढं.
काका, म्हणजे तिचे मिस्टर, बाहेर निघाले होते. माझ्या देखत दारातून ओरडले, "मी जाऊन येतो! जाऊन! येतो!" सगळ्या गॅलरीने वळून बघितलं.
"बघितलंस?" ती म्हणाली. "रिपोर्ट आल्यापासून हे असं. आज सकाळी झोपेतून उठवायला थाळी वाजवली. म्हटलं, अहो, मी बहिरी झालेय, ग्रहण नाही लागलेलं."
हसलो. तीही हसली.
ती बोर्डाबद्दल बोलत राहिली. नवीन मुलगी बरी आहे, पण लोकांना होल्डवर ठेवून विसरते. कोणत्या डॉक्टरला कोणत्या वेळी शोधायचं कुठे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. "मी लिहून देणार होते. पण लिहायला बसले तर लिहिता येईना. ते कानात होतं सगळं."
चहा ठेवायला उठली. पाठ माझ्याकडे. स्टोव्ह चालू, शेजारी कुकर फुसफुसत होता, शेजारच्या खोलीत टीव्ही. पिशवीत कागद होते. बसमध्ये वाक्य जुळवून घेतलं होतं, चार वेळा. ते आठवेना. खाली लादीकडे बघून म्हणालो, माझं मलाही धड ऐकू आलं नाही:
"ताई, चूक माझी होती. मी नियम उलटे लावले. तुमचे कान ठीक आहेत."
ती वळली नाही. आलं किसत होती. किसत राहिली. मग दूध घातलं, गाळलं, कप पुढ्यात ठेवला. बशीत दोन खारी.
"साखर बघ," म्हणाली.
परत म्हणायला हवं होतं. मोठ्याने. दार उघडं, गॅलरीत बायका बसलेल्या. चहा प्यायलो. साखर ठीक होती म्हणालो.
निघालो. जिन्याच्या वळणावर होतो तेव्हा वरून, कठड्यावरून हाक आली.
"सुहास. शुक्रवारी अकराला आहे. तिसरा मजला, मीटिंगची खोली. उशीर करू नकोस."
मला चौकशीला बोलावलेलं नाही. येतो असं मी तिला म्हटलेलं नाही.
वर बघितलं तर ती आत गेली होती.

गुरु. ६ मार्च
दिवसभर तेच. तिने ऐकलं, की कोणी सोबत हवं म्हणून बोलावलं? काकांना नेणार नाही, ते ओरडतील. मग मला. तसंही असेल.
ऐकलं असेल तर ओरडली का नाही? दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
साटमदादांना उद्या सुट्टी मागितली. "कित्याक?" म्हटलं, घरचं काम. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रजेचा अर्ज हातात घेतला, घडी घालून खिशात ठेवला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
आईला अजून सांगितलेलं नाही. तिने नवीन मसाल्याची पहिली बरणी साटमदादांच्या घरी पाठवायला बाजूला काढून ठेवलीय. दरवर्षी पाठवते, माझी नोकरी लागल्यापासून.

शुक्र. ७ मार्च
१०.४०. तिसऱ्या मजल्यावर मीटिंगच्या खोलीबाहेर बाक आहे, तिथे बसलोय. इथून १४ नंबरची खाट दिसते. दुसरं कोणीतरी आहे. मॉनिटर हिरवा.
साटमदादांचे तीन मिस्ड कॉल.
मांडीवर प्लास्टिकची फाइल. कागद पाच. कोणता वर ठेवायचा ते तीन वेळा बदललं. आधी आकड्याचं पान वर होतं. मग शिरोडकरचं जुनं. दोन्ही बघून माणसाला काही कळणार नाही, तो पहिलं पान बघून फाइल मिटेल. आता वर ९ तारखेची रजिस्टरची प्रत ठेवलीय. माझी सही असलेली.
११.०५. नलूताई आत गेली. निळी साडी, केसात अबोली. माझ्यासमोरून गेली, बोलली नाही. जाताना फाइलवर दोन बोटं टेकवून गेली. कदाचित तोल सावरायला, बाकाशी जागा अरुंद आहे.
शिपायाला म्हटलं, मला आत बोलायचंय. त्याने यादी बघितली. "नाव नाही तुमचं. सगळ्यांचं झालं की बघू." सगळ्यात शेवटची रांग.
११.२०. आतून आवाज येतात, शब्द कळत नाहीत. अ‍ॅडमिन साहेब बोलतायत. एक बाई हळू आवाजात काही वाचून दाखवतेय, बहुतेक पत्र.
मग नलूताई. तिचं मात्र स्पष्ट ऐकू आलं, दारातून, बोर्डावर बोलायची तसं.
"जरा मोठ्याने बोला. मला ऐकू आलेलं नाही."
वही मिटतो, फाइल उचलतो.